घरात लाकडाची शेगडी बसवायची आहे. जुनी घ्यावी की नवी, केवढी घ्यावी आणि ती स्वतः बसवता येते का?

तुमचे तिन्ही प्रश्न शेगडीबद्दल आहेत, धुराड्याबद्दल एकही नाही. म्हणून मी सुरुवात तिथूनच करतो. आवडली म्हणून शेगडी घरी आणायची आणि मग तिची नळी कुठून बाहेर काढता येईल ते शोधत बसायचं, असा क्रम बरेच जण धरतात आणि पुढचा त्रास त्यातूनच उभा राहतो. शेगडीत हवा ओढणारा पंखा नसतो. गरम धूर हलका होऊन नळीतून वर चढतो आणि त्याची जागा घ्यायला खोलीतली हवा शेगडीत शिरते. आग चालते ती या ओढीवर. नळी उंच, सरळ आणि आतून गरम असेल तर ओढ चांगली मिळते. ती आखूड, वळणावळणाची किंवा गार असेल, तर शेगडी कितीही उत्तम असो, दार उघडलं की धूर खोलीत येणार.

तेव्हा आधी छप्पर बघा. धुराडं घराच्या आतूनच सरळ वर जाऊन छपराच्या उंच भागाजवळून बाहेर पडेल अशी जागा शोधा आणि शेगडी त्या जागेखाली मांडा. भिंतीतून बाहेर काढून बाहेरच्या अंगाने वर नेलेलं धुराडं बसवायला सोपं असतं, पण थंडीत ते गारठतं आणि शेगडी पेटवताना आतली जड हवा उलट खाली येते. धुराड्याच्या वरच्या तोंडाच्या उंचीचा रूढ हिशेब असा: छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट वर, शिवाय आडव्या दिशेने १० फुटांच्या आत छपराचा किंवा भिंतीचा जो भाग येईल त्याच्यापेक्षा किमान २ फूट उंच. यापेक्षा आखूड ठेवलं तर वाऱ्याचा झोत वळून धूर परत आत दाबतो.

केवढी घ्यावी? मनात आहे त्यापेक्षा लहान. मोठी शेगडी घेऊन हवा कमी सोडली की झालं, असं वाटतं खरं, पण लाकूड तसं जळत नाही. ते तापलं की आधी त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात आणि लाकडातली निम्म्याहून अधिक ऊर्जा या वायूंमध्येच असते. ते पेटायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा लागते. खोली लवकर तापली म्हणून मोठ्या शेगडीची हवा बंद केली की आग धुमसते, वायू न जळताच वर जातात आणि धुराड्याच्या गार भागात डांबरासारखा चिकट थर बनून बसतात. पुढे एखाद्या दिवशी मोठी आग पेटवली की हाच थर पेट घेतो. धुराड्यात लागलेली ती आग १००० अंशांच्या वर जाऊ शकते आणि घर जाळू शकते. लहान शेगडी मोकळ्या ज्योतीने जळते, काचही स्वच्छ राहते.

जुनी की नवी, याबाबत माझं मत स्पष्ट आहे: परवडत असेल तर नवी. आताच्या शेगड्यांत वरच्या भागातून तापलेली हवा पुन्हा सोडतात, त्यामुळे ते वायू शेगडीतच जळतात. त्याच लाकडात ऊब जास्त मिळते आणि धूर कमी होतो. काहींमध्ये उत्प्रेरक, म्हणजे धूर कमी तापमानाला जाळायला मदत करणारा भाग, असतो, त्यामुळे धूर साधारण २६० अंशांपासूनच जळू लागतो. पण त्या चालवायला थोडी समज लागते आणि उत्प्रेरक काही वर्षांनी बदलावा लागतो. पहिली शेगडी बिन-उत्प्रेरकाची घ्यावी असं मी सांगेन.

जुनी घ्यायची असेल तर मागची पाटी आधी शोधा. चाचणी झालेल्या शेगडीवर जळाऊ वस्तूंपासून किती अंतर ठेवायचं ते लिहिलेलं असतं. पाटी नसेल तर चहूबाजूंनी ३६ इंच मोकळे सोडावे लागतात आणि लहान खोलीत तेवढी जागा निघतच नाही. मग अंधार करून शेगडीच्या पोटात बॅटरी लावा आणि बाहेरून बघा: सांध्यातून किंवा तड्यातून उजेड दिसला तर हवाही तिथूनच शिरणार. बिडाच्या शेगडीचे सांधे भट्टीच्या सिमेंटने पुन्हा भरता येतात, पण बिडालाच तडा गेला असेल तर ती सोडून द्या. पोलादी शेगडीत आतला वरचा पत्रा वाकलाय का ते पाहा. वाकला असेल तर ती बेफाम तापवून वापरलेली आहे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर दाराभोवतीची, फट बंद करणारी दोरी गेलेली आहे. दोरी आणि आतल्या विटा बदलणं किरकोळ काम आहे, त्यावरून शेगडी नाकारू नका. काच मात्र उष्णतारोधक सिरॅमिकचीच हवी, साधी काच तडकते.

बसवण्यात लोक सर्वात जास्त फसतात ते भिंतीपाशी. लाकडी भिंतीवर फरशी किंवा विटांचा थर चिकटवला की ती सुरक्षित झाली असं धरून चालतात. तसं होत नाही. उष्णता त्या थरातून मागच्या लाकडापर्यंत पोचतेच. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड आतून करपतं आणि मग नेहमीपेक्षा कमी तापमानाला पेटू शकतं. म्हणून आधी काही होत नाही आणि आग पुढे कधीतरी लागते. उपाय म्हणजे पत्र्याचा आडोसा, भिंतीपासून एक इंच सुटा आणि खाली-वर उघडा, म्हणजे मधून हवा खेळत राहील. शेगडीखाली न जळणारा तळ हवा. तो दारासमोर १८ इंच पुढे यावा, कारण निखारा उडतो तो तिथेच.

खोलीतली एकेरी पत्र्याची नळी जळाऊ भागांपासून १८ इंच दूर ठेवा. ती छतातून किंवा भिंतीतून कधीही नेऊ नका. तिथून पुढे चाचणी झालेलं, दुहेरी भिंतीचं उष्णतारोधक धुराडंच लागतं. त्याच्याभोवती उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा, बहुधा २ इंच, मोकळीच राहू द्या. गारवा येतो म्हणून तिथे कापूस किंवा लोकर कोंबणारे मी पाहिले आहेत, त्याने उष्णता अडकून शेजारचं लाकूड तापतं. नळीचे तुकडे जोडताना निमुळतं टोक शेगडीच्या दिशेला ठेवा. उलट वाटतं, पण तसं केल्याने आतला चिकट रस सांध्यातून बाहेर न गळता परत शेगडीत पडतो. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू लावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, तापल्यावर त्याची वाफ विषारी असते.

मग स्वतः बसवता येते का? तळ, आडोसा आणि शेगडीपासून छतापर्यंतची नळी हाताला कामाची सवय असलेला माणूस करू शकतो. छपराला भोक पाडून धुराडं वर नेणं हे काम मी प्रशिक्षित माणसाकडेच देईन आणि पहिल्या आगीआधी सगळं तपासून घेईन. बांधकामाची परवानगी लागते का आणि घराचा विमा असेल तर विमा कंपनीची अट काय, हे शेगडी विकत घेण्यापूर्वीच विचारा.

सरपण मात्र आत्तापासून जमवा. ओल्या लाकडाची बरीच ऊब त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, आणि चिकट थरही त्यानेच वाढतो. ओलावा २०% च्या खाली हवा. तो मोजायचा तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजा, बाहेरचा भाग कायम कोरडाच दिसतो. फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडं ठेवलेलं लाकूड वाळायला निदान एक वर्ष धरा, कठीण जातीचं असेल तर दोन. रंग दिलेलं लाकूड किंवा प्लायवूड शेगडीत घालू नका.

पहिल्या काही आगी लहान ठेवा आणि खिडक्या उघड्या ठेवा, कारण शेगडीचा रंग तापून पक्का होताना उग्र वास येतो. शेगडीच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. या वायूला वास नसतो. स्वयंपाकघरातला पंखा जोरात चालू असला तर तो धुराड्यातूनच हवा उलटी खेचू शकतो, म्हणून शेगडी पेटलेली असताना तो बंद ठेवा किंवा खिडकी किलकिली करा. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर, लाकडापासून दूर ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात.