पाहुण्याचं पुस्तक आधी वाच

रेडिओवर लेखकाची मुलाखत घेणार असशील, तर त्याचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाच. नुसत्या मलपृष्ठावर भागवलंस तर लेखकाला पहिल्या दोन प्रश्नांतच कळतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या 'फ्रेश एअर' या रेडिओवरच्या मुलाखतींच्या कार्यक्रमाचे जुने भाग जरूर ऐक. टेरी ग्रोस १९७५पासून तो कार्यक्रम करतात. पाहुणा बहुतेक वेळा दुसऱ्याच शहरातल्या स्टुडिओत बसलेला असतो, तरी गप्पा रंगतात, कारण त्या मन लावून ऐकतात आणि उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढतात. तूही कागदावरचे प्रश्न खुशाल सोडून दे.

राजकारण्यांचं मात्र वेगळं. तारीख, आकडा, त्यांचंच जुनं विधान हाताशी ठेव. उत्तर टाळलं तर तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचार. आणि हो, ब्रेकनंतर पाहुण्याचं नाव परत सांग, मध्येच रेडिओ लावणारे खूप असतात.