आधी घरं मोजा, मग माणसं घ्या

प्रश्न : ताई, मी मूळची नाशिकची, आता मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सजवळ राहते. नुकतीच इथल्या एका सेवाभावी संस्थेत कामाला लागले आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरं थंडीच्या दृष्टीने नीट करून द्यायचं सरकारी काम संस्थेकडे आहे. पुढच्या वर्षी १२० घरं करायची आहेत आणि कामगारांच्या प्रशिक्षणाचा आराखडा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. साहेब म्हणतात, दहा मुलं घ्या, दोन आठवड्यांच्या कोर्सला पाठवा, विषय संपला. माझं शिक्षण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं. इन्सुलेशन मी डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : कोर्सपासून नको, एवढं आधी सांगते. मी ओहायोत क्लीव्हलँडच्या आसपास हेच काम शिकवते, आणि वर्ग भरलेले पण व्हॅन रिकाम्या उभ्या, असा प्रकार भरपूर पाहिला आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७६ साली कायदा करून वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम सुरू केला. पैसा केंद्राच्या ऊर्जा खात्याकडून राज्यांना आणि राज्यांकडून अशा स्थानिक संस्थांना मिळतो. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांचं काम फुकट होतं : फटी बुजवणं, माळ्यावर आणि भिंतींत इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा माल, भरणं, घर गरम करणारी फर्नेस तपासणं किंवा बदलणं. आजवर सत्तर लाखांवर घरं यात झाली आहेत.

आता तुमचं. साहेबांकडून गेल्या दोन वर्षांच्या फायली मागून घ्या आणि कपाटाजवळ ठाण मांडून बसा. किती घरं १९४०च्या आधीची? किती मोबाइल होम, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेली घरं? कुठे पाइपचा गॅस, कुठे प्रोपेनची टाकी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती घरं दारातूनच परत पाठवली आणि का? छत गळतंय, भिंतीला बुरशी आहे, वायरिंग कुजलंय, अशा कारणांनी काम पुढे ढकललेली घरं प्रत्येक संस्थेकडे असतात. अशा घरांच्या दुरुस्तीसाठी सरकारने २०२२पासून वेगळा निधीही ठेवला आहे, त्याची चौकशी करा. तुमच्या भागात मोबाइल होम जास्त असतील, तर मुलांना घराच्या पोटाखाली सरपटत जाऊन तळ भरायला शिकायचंय. जुनी दुमजली घरं जास्त असतील तर गोष्ट निराळी. त्यांच्या भिंती तळघरापासून माळ्यापर्यंत आतून सलग पोकळ असतात. खालचं तोंड न बुजवता वरून भरायला घेतलं, तर दहा मिनिटांनी घरमालकीण तळघरातून ओरडत येते, कारण सगळा माल तिच्या वॉशिंग मशीनवर.

मग आकडेमोड. तिघांच्या एका टोळीला एका घराला सरासरी तीन दिवस धरा. १२० घरांना ३६० दिवस. सुट्ट्या, बर्फ, बिघडलेली व्हॅन आणि खुद्द प्रशिक्षणाचे दिवस वजा जाता एक टोळी वर्षात साधारण २१० दिवस हाती लागते. म्हणजे दोन टोळ्या, थोडी सवड ठेवून. पण टोळीच्या आधी ऑडिटर लागतो, म्हणजे घर तपासून तिथे काय काय करायचं ते लिहून देणारा. चारातलं एक घर परत जाणार असं धरलं, तर १२० घरांसाठी १६० घरं तपासावी लागतील. एक दिवस घरात आणि एक दिवस कॉम्प्युटरवर, असे झाले ३२० दिवस. एका ऑडिटरकडून हे व्हायचं नाही. शेवटी तपासनीस. झालेलं प्रत्येक घर प्रमाणपत्रधारक तपासनिसाने पाहिल्याशिवाय पूर्ण धरलं जात नाही, इथे सूट नाही. म्हणजे दोन टोळीप्रमुख, चार कामगार, दोन ऑडिटर, एक तपासनीस. नऊ माणसं, चार वेगळी कामं. साहेबांची दहाच्या दहा मुलं इन्सुलेशन भरायची नळी धरायला शिकून येतील आणि व्हॅनमध्ये बसून राहतील, कारण कुठल्या घरात काय करायचं हे लिहून देणारं कुणी नसेल. माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमच्या फायलींतून तुमचे काढा.

ही चार कामं मी बनवलेली नाहीत. ऊर्जा खात्याने आणि त्यांच्या कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने प्रत्येक कामासाठी काय काय यायला हवं, याची सविस्तर यादी करून ठेवली आहे. प्रमाणपत्राची परीक्षा बीपीआय नावाची संस्था घेते. तुमच्या राज्याचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र कोणतं, हे राज्याच्या कार्यालयात विचारा. प्रशिक्षणाचा पैसाही अनुदानात वेगळा ठेवलेला असतो. तो घरांच्या खर्चातून काढायचा नसतो, हे साहेबांच्या कानावर घाला. ऑडिटर आणि तपासनीस एकच माणूस ठेवून पगार वाचवावा, असं त्यांच्या मनात येईलच. नियमात ते चालतं. पण मग राज्याचे लोक पाच टक्क्यांऐवजी दहा टक्के घरं येऊन तपासतात. शिवाय आपणच लिहिलेलं आपणच तपासायचं, यात काय डोळे उघडे राहणार?

क्रम असा ठेवा : आधी ऑडिटर, मग टोळीप्रमुख, कामगार शेवटी. तपासनीस बाहेरून अनुभवी मिळाला तर उत्तम. नवख्याला परीक्षेची पुस्तकं देऊन तो तयार होत नाही. त्याने स्वतः कधीतरी भिंती भरलेल्या असाव्या लागतात.

कामगार घेताना एक करा. वर्गात बसवण्याआधी प्रत्येकाला दिवसभर टोळीबरोबर पाठवा. जुलैतला माळा आणि घराखालची दीड हात उंचीची जागा, दोन्ही दाखवा. काही मुलं संध्याकाळी नमस्कार करून जातात ती परत येत नाहीत. जाऊ द्या. हे दुसऱ्या आठवड्यात कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेलं स्वस्त. लायसन्स आहे का, शिडीची भीती वाटते का, हे तोंडी विचारून कळत नाही. दाढीचंही आधीच सांगून टाका. तोंडाला घट्ट बसणारा मास्क दाढीवर बसत नाही, आणि फायबरच्या धुळीत तडजोड नाही.

आता वर्गात काय. भिंत भरणं कानाने शिकायची गोष्ट आहे. भिंतीला भोक पाडून नळी आत टोकापर्यंत सारायची आणि मशीन चालू करायचं. जुने कागद बारीक पिंजून केलेलं सेल्युलोज आत जात असतं तोवर मशीनचा सूर एक असतो. पोकळी भरत आली की सूर बदलतो आणि नळी हातात थरथरायची थांबते. त्या क्षणी वीतभर मागे ओढायची, पुन्हा थांबायचं. घाई केली की मध्ये पोकळी राहते. दर घनफुटाला साडेतीन पौंड माल बसायला हवा, नाहीतर वर्षभरात तो खाली दबतो आणि वर थंड पट्टा तयार होतो. आमच्याकडे एका बाजूला पारदर्शक फळी लावलेली खोटी भिंत आहे. मुलांना आधी ती पाहू देते, मग पाठ करून उभं करते आणि नुसत्या आवाजावर भरायला लावते. तुमच्या केंद्रात अशी भिंत आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. नुसत्या स्लाइड असतील तर दुसरं केंद्र शोधा.

दुसरी गोष्ट जिवाची. दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायची, आत-बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक आणायचा आणि किती हवा गळते ते मोजायचं, ही ब्लोअर डोअरची चाचणी सगळ्यांना आवडते. प्लगच्या फटीतून गार वारा हातावर आला की मुलं खूश. पण घर जितकं घट्ट, तितका गॅसच्या गीझरचा धूर धुराड्यातून वर जायच्या ऐवजी खोलीत फिरण्याचा धोका. म्हणून दारं-खिडक्या लावून, बाथरूमचे पंखे, कपडे वाळवायचं मशीन सगळं एकदम चालू करायचं आणि गीझरच्या तोंडाशी धुराची कांडी धरून पाहायचं, धूर वर ओढला जातोय की तोंडावर येतोय. ही चाचणी काम सुरू करण्याआधी आणि काम झाल्यावरही. ज्याला ही करता येत नाही त्याला मी पास करत नाही, मग परीक्षेत त्याचे गुण काहीही असोत. माळ्यावर खड्यांसारखं चमकणारं व्हर्मिक्युलाइट नावाचं जुनं इन्सुलेशन दिसलं तर हात लावायचा नाही, त्यात फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि त्या घरात पंख्याने हवा ओढायचीच नाही. चिनीमातीच्या गुंड्यांवरून नेलेल्या जुन्या वायरींवर इलेक्ट्रिशियनच्या लेखी परवानगीशिवाय काही पसरायचं नाही. १९७८च्या आधीचं घर असेल तर रंगात शिसं धरूनच चालायचं.

आणि तुमच्या एमएसडब्ल्यूचं काम इथे आहे, ते कोर्सवाले शिकवत नाहीत. आपण कुणाच्या तरी घरात जातोय. म्हातारी एकटी आहे, खोलीत वर्तमानपत्रांच्या थप्प्या आहेत, कुत्रा भुंकतोय, बिल थकलंय आणि ती त्याने ओशाळली आहे. बुटावर कव्हर घालणं, पसाऱ्यावरून एकमेकांकडे न पाहणं, थर्मोस्टॅट तिच्याच हाताने फिरवून घेणं, हे शिकवायला अर्धा दिवस ठेवा. तुमच्या भागात स्पॅनिश बोलणारी मुलं कामावर येतील. सुरक्षेचा भाग तरी त्यांच्या भाषेत हवा.

शेवटचं, साहेबांसाठी. २००९च्या फेब्रुवारीत मंदीवर उतारा म्हणून या कार्यक्रमाला एकदम पाच अब्ज डॉलर मिळाले. आदल्या वर्षीचा निधी पाव अब्जाच्याही आत होता. पहिले कित्येक महिने बऱ्याच राज्यांत काम अडलं, कारण या कामगारांना प्रत्येक जिल्ह्यात किती मजुरी द्यायची हेच ठरलेलं नव्हतं. मग धडाधड भरती, नवी केंद्रं, नवे कोर्स. २०१२ला वार्षिक निधी आला ६.८ कोटी डॉलर. हाताशी तयार झालेली माणसं घरी गेली किंवा एसी-हीटिंगच्या ठेकेदारांकडे. २०२१च्या कायद्याने पुन्हा साडेतीन अब्ज आले तेव्हा सगळीकडे एकच ओरड : माणसं कुठायत? शिकवलेलं माणूस टिकतं ते पगारावर आणि पुढच्या वर्षीही काम आहे या खात्रीवर. म्हणून जास्तीत जास्त निधी येईल त्या वर्षाचा आराखडा करू नका. कमीत कमी येईल त्या वर्षी किती माणसं ठेवू शकाल, तेवढी कायम घ्या आणि वरचं काम ठेकेदाराला द्या. त्यांच्या मुलांनाही तुमच्याच प्रशिक्षणात बसवा. कामगार टोळीप्रमुख कधी होणार आणि तेव्हा तासाला किती डॉलर वाढणार, हेही आराखड्यात लिहून टाका. नुसतं तोंडी आश्वासन ऐकून कुणी शेजारच्या ठेकेदाराचे दोन डॉलर सोडत नाही.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. बीईईची (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची) एनर्जी ऑडिटरची परीक्षा दिली तर अमेरिकेत तुमच्यासारखं काम मिळेल का?

उत्तर : नाही रे. ती परीक्षा कारखाने आणि मोठ्या इमारतींसाठी आहे. बॉयलर, पंप, मोटरी, कॉम्प्रेसर. अभ्यास चांगला आहे, भारतात उपयोगी आहे, जरूर दे. इथे घरांच्या कामाला त्या कागदाची कुणी विचारपूस करणार नाही आणि व्हिसाचा प्रश्न वेगळाच. आधी एक कर : आपल्या सोसायटीचं पाण्याच्या पंपाचं वीजबिल मागून घे आणि पंप किती तास चालतो ते एक महिना लिहून काढ. पुस्तकातली निम्मी प्रकरणं तिथेच कळतील.

प्रश्न : ताई, आम्ही सोलापुरात वस्त्यांमध्ये काम करतो. बहुतेक घरं पत्र्याची. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नाही, पंखा दिवसभर चालू आणि बिल वाढतं. तुमच्या अमेरिकेतल्यासारखं प्रशिक्षण आमच्या मुलामुलींना देता येईल का?

उत्तर : देता येईल, पण माझा अभ्यासक्रम उचलून नका नेऊ. आमचं अर्धं आयुष्य फटी बुजवण्यात जातं. तुमच्या घरात वारा यायला हवाय. ब्लोअर डोअरवर एक रुपया खर्च करू नका. तुमची उष्णता डोक्यावरच्या पत्र्यातून येते, तेव्हा शिकायचं ते पत्र्याचं काम.

जवळचं उदाहरण अहमदाबादचं. तिथल्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्तीतल्याच बायकांना घरोघरी वीजवापर पाहायला आणि छप्परांच्या कामाला तयार केलं. बाहेरचा इंजिनीअर दारात आला की लोक बिल दाखवत नाहीत. शेजारच्या शोभाबाईला दाखवतात. म्हणून तुम्हीही बायकाच घ्या, आणि त्यांना रोज द्या. फुकटची स्वयंसेवा पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

काय शिकवायचं? बिल वाचणं : स्थिर आकार कोणता, युनिट किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती. मग पंख्याचा हिशेब. साधा छताचा पंखा ७५ वॅट ओढतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. हा हिशेब बाईने त्या घराच्या बिलाच्या पाठीमागे, त्यांच्या दरानं, पेनाने करून दाखवायचा. छापील पत्रक नको. बीएलडीसी पंखा महाग पडतो, तेव्हा बचत गटातून हप्ता बसवता येतो का ते आधी पाहा, मगच त्याचं नाव काढा. मीटरपासूनच्या जोडण्या पाहायला मात्र वायरमनच हवा. बायकांनी फक्त काळवंडलेलं स्विच, गरम होणारी पिन, उघडी वायर ओळखून नोंदवायची.

पांढऱ्या रंगाचं काम सोपं वाटतं, पण बिघडतं ते आधीच्या तयारीत. पत्रा घासून गंज आणि धूळ काढायची, खिळ्यांची भोकं बुजवायची, प्रायमर, मग सूर्यप्रकाश परतवणारा रंग दोन हातांत. न घासता मारलेला रंग पहिल्याच पावसात पापुद्र्यासारखा सुटतो आणि वस्तीत तुमचं नाव जातं. पत्र्यावर थेट पाय देऊ नये, फळी टाकावी, कमरेला दोर असावा. काम सकाळी सात ते दहा, त्यानंतर पत्रा हात लावू देत नाही. ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतील तर घासायचे नाहीत, फोडायचे नाहीत, भोकंही पाडायची नाहीत.

पहिल्या महिन्यात दहाच घरं घ्या आणि शेजारची दहा रंगवल्याशिवाय ठेवा. दोन्हींत साधा थर्मामीटर टांगा, आढ्यापासून हातभर खाली, आणि दुपारी दोनला त्याच घरातल्या मुलीला वहीत आकडा लिहायला सांगा. महापालिकेकडे पैसे मागायला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या. मार्च उजाडायच्या आत रंग व्हायला हवा, म्हणजे बायकांची निवड दिवाळीनंतर लगेच आणि सराव जानेवारीत. पत्र्यांचे फोटो पाठवा, खालून आणि वरून दोन्हीकडचे, गंज दिसेल असे. प्रायमर कोणता लागेल ते त्यावरून सांगते.