ईसीजीवर 'अ‍ॅबनॉर्मल' छापून आलं, आता थेट कार्डिऑलॉजिस्टच गाठायचा का?

तुम्ही लिहिलंय: आईचं वय ५८, बीपीची गोळी चालू, त्रास काही नाही. ईसीजीवर 'नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस', टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ६०% आणि 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन'. मी डॉक्टर नाही, ईसीजी काढणारा टेक्निशियन आहे. पण एवढ्यावरून आज रात्री धावपळ करावी असं मला वाटत नाही.

कागदाच्या माथ्यावरचा तो मजकूर मशीन छापतं. पेशंटच्या छातीत दुखतंय की नाही, हे मशीनला कुठे ठाऊक? दोन्ही हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या तरी ते खुशाल 'अ‍ॅबनॉर्मल' म्हणून मोकळं होतं. एसटी-टी म्हणजे ईसीजीच्या रेषेचा ठोक्यानंतरचा भाग, आणि 'नॉन-स्पेसिफिक' म्हणजे त्यावरून नेमकं कारण कळत नाही. असे बारीक बदल बीपीमुळे, पोटॅशियम कमी झाल्याने, काही औषधांनीही दिसतात. ईएफ ६०% म्हणजे पंपिंग चांगलं. ग्रेड १ म्हणजे ठोका दिल्यावर हृदय सैल व्हायला जरा वेळ घेतं. या वयाच्या बीपीवाल्यांत हे सर्रास आढळतं.

तरी फॅमिली डॉक्टरांना या आठवड्यात दाखवाच, आणि जुना ईसीजी सापडला तर तो न विसरता न्या. बदल आधीपासूनचा की नवा, यावर पुढचं बरंच ठरतं. नवा असेल किंवा शुगरही असेल, तर ते बहुधा स्वतःच पुढे पाठवतील.

'लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक' (हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेत अडथळा), 'एट्रियल फिब्रिलेशन' (ठोके अनियमित पडणं), इकोत हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग नीट हलत नाही असं सांगणारी 'रीजनल वॉल मोशन अ‍ॅबनॉर्मॅलिटी' किंवा ईएफ ५० च्या खाली, असं काही असतं तर मात्र मी कार्डिऑलॉजिस्टची वेळ घ्यायलाच सांगितलं असतं. जिना चढताना छाती भरून येत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी दाखवायचं.

छातीवर दाब, दरदरून घाम, जबड्याकडे किंवा हातात जाणारी कळ आली तर लगेच १०८. बायकांत आणि शुगरवाल्यांत कधी नुसता दम लागतो, मळमळतं. 'गॅस झालाय' म्हणत सोडा पीत बसू नका. पहिला ईसीजी साफ आला तरी अटॅक नाही असं ठरत नाही. म्हणून कॅज्युअल्टीत तो थोड्या वेळाने परत काढतात, रक्तातलं ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात.

आणि हो, ईसीजीचा कागद लॅमिनेट करायला देऊ नका. तो थर्मल असतो, उष्णतेने काळाठिक्कर पडतो. आजच झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटोही ठेवा.