ऑफिसातल्या फोनवर सुरळीत चालणारे ॲप गावातल्या फोनवर अडखळते. फ्लटर सोडून नेटिव्हमध्ये पुन्हा लिहावे का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. स्वस्त फोनवर यादी सरकवताना अडखळते, बटण दोन-तीनदा दाबावे लागते, आणि तुमच्या टीम लीडच्या मते ‘ग्रामीण वापरकर्त्यांना टचस्क्रीन नीट वापरता येत नाही, तरीही करायचेच असेल तर सगळे नेटिव्हमध्ये लिहू’. (नेटिव्ह म्हणजे अँड्रॉइडच्या स्वतःच्या साधनांनी लिहिलेले ॲप; फ्लटर म्हणजे एकाच कोडमधून वेगवेगळ्या प्रकारच्या फोनांसाठी ॲप बनवण्याचे गूगलचे साधन.) पहिल्या दोन गोष्टींचा छडा लावता येतो. मी उत्तर लिहायला बसले ती तिसरीमुळे, कारण पुण्यातल्या एका कंपनीत नोकरीला असताना हेच वाक्य मी भर मीटिंगमध्ये ऐकले आहे आणि ज्या लोकांना उद्देशून ते म्हटले गेले ते माझ्या गावाकडचे होते.

आमचे ॲप आडत दुकानांसाठी होते आणि ते नेटिव्हच होते, हे आधीच सांगून ठेवते. हळदीच्या कट्ट्याचे, म्हणजे पोत्याचे, वजन काट्यावर झाले की मुनीम तो आकडा फोनवर भरायचा, काट्याच्या आकड्याचा फोटो काढायचा आणि ‘नोंदवा’ दाबायचा. संध्याकाळी त्यावरून शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी निघायची. वसमत आणि हिंगोली या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा, आणि शिजवून, वाळवून, पॉलिश केलेला माल तिथे भरभरून येतो तो ऐन उन्हाळ्यात. तक्रारी सुरू झाल्या त्या वसमतहून: बटण लागत नाही, आणि कधीकधी एकाच कट्ट्याची दोनदा नोंद होते. पट्टीत एक कट्टा जास्त निघाला तर खरेदीदार आडत्याला धरतो आणि आडत्या मुनिमाला धरतो. दुरुस्त करताना भलताच कट्टा उडाला तर शेतकरी पट्टी घेऊन दारात उभा. त्यामुळे ही किरकोळ गैरसोय नव्हती.

आमच्या वरिष्ठांनी प्ले कन्सोल, म्हणजे ॲपच्या बिघाडांची नोंद दाखवणारे गूगलचे पान, उघडून दाखवले. क्रॅश नाहीत, ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशा घटनाही नाहीत, म्हणजे ॲप ठणठणीत आहे आणि दोष माणसांच्या बोटांत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता, अँड्रॉइड ती पाटी दाखवते ती स्पर्शाला पाच सेकंद दाद मिळाली नाही तर. मुख्य थ्रेड, म्हणजे ॲपची स्क्रीनवरची कामे एकामागून एक उरकणारा धागा, प्रत्येक नोंदीला दीड सेकंद अडकून पडला तरी त्या तक्त्यात काहीही उमटत नाही, आणि दीड सेकंद गप्प बसलेले बटण पुन्हा न दाबणारा माणूस मला पुण्यातही भेटलेला नाही. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आमच्या धंद्यात थोडी बदलून वापरावी लागते, कारण इथे नाचणारे आपण आणि वाकडे ठरते ते गिऱ्हाइकाचे बोट.

कोणी जायला तयार नव्हते, म्हणून मी गेले. पत्र्याच्या शेडखाली मुनीमकाका काट्याशेजारी उभे, दोन जीबी रॅमचा फोन डाव्या हातात, त्याला एक्स्टेन्शन बोर्डातून आलेली चार्जरची वायर कायमची लावलेली, आणि उजव्या हातात कट्ट्यांवर खुणा करायचा खडू. म्हणजे ‘नोंदवा’ दाबायचे ते डाव्या अंगठ्याने, हात थोडा ताणून. अंगठा हळदीने पिवळा, स्क्रीनवर हळदीची पूड आणि घाम यांचा थर. काका म्हणाले, “ताई, एकदा दाबलं तर हलत नाही अन् दोनदा दाबलं की दोन कट्टे चढतात.” आमच्या टीमने महिनाभर लिहिलेल्या कोणत्याही बग रिपोर्टपेक्षा हे वाक्य अचूक होते. पहिला स्पर्श हरवला असता तर दुसऱ्याने एकच कट्टा चढला असता. दोन चढतात, याचा अर्थ पहिला स्पर्श पोचलेला आहे आणि रांगेत थांबलेला आहे.

कारण असे की स्पर्शाच्या घटना हाताळणे, मांडणी मोजणे आणि चित्र काढण्याच्या आज्ञा तयार करणे ही सगळी कामे एकाच मुख्य थ्रेडवर होतात. अँड्रॉइड ५.० पासून प्रत्यक्ष रंगवण्यासाठी (रेंडरिंग) वेगळा थ्रेड आला हे खरे, पण त्याला काम मुख्य थ्रेडकडूनच मिळते. साठ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या, स्क्रीनवर एका चित्राला (फ्रेमला) १६.६७ मिलिसेकंद मिळतात, नव्वदवर ११.१ आणि एकशे वीसवर ८.३. आमचे ॲप ‘नोंदवा’ दाबल्यावर त्याच थ्रेडवर डेटाबेसमध्ये लिहीत होते, मग संपूर्ण यादी नव्याने भरत होते आणि प्रत्येक ओळीतला काट्याचा फोटो मूळ आकारात उलगडत होते. ४००० बाय ३००० पिक्सेलचा एक फोटो मेमरीत सुमारे ४८ एमबी जागा घेतो, तो ओळीत नखाएवढा दिसत असला तरी. असे चार-पाच फोटो दोन जीबीच्या फोनवर एका वेळी उघडले की मेमरी मोकळी करण्याची धावपळ सुरू होते आणि दरम्यान दाबलेली सगळी बटणे रांग लावून उभी राहतात. थ्रेड मोकळा झाला की ती एकामागून एक पोचतात, आणि दोन कट्टे चढतात. फोटो उलगडताना सॅम्पल साइझ चार, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्ही एक चतुर्थांश, दिला असता तर तेच चित्र ३ एमबीत बसले असते. हे मी केबल लावून डम्पसिस जीएफएक्सइन्फो या अँड्रॉइडच्या फ्रेम मोजणाऱ्या आज्ञेच्या आकड्यांनी तिथेच, काट्याशेजारी बसून पाहिले. उशिरा आलेल्या फ्रेम्सचे प्रमाण ऑफिसातल्या फोनच्या कितीतरी पट होते.

पण खरोखर हरवणारे स्पर्शही होते, आणि ते वेगळ्या कारणाने. डेव्हलपर ऑप्शन्समधले ‘पॉइंटर लोकेशन’ चालू केले की बोट कुठे टेकले आणि कसे सरकले याची रेघ स्क्रीनवर उमटते. काकांचा ताणलेला अंगठा बटणावर टेकून उचलेपर्यंत खाली घसरत होता. अँड्रॉइडमध्ये बोट साधारण आठ डीपीहून (डीपी हे स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणारे लांबीचे माप) जास्त सरकले की यादी तो इशारा स्वतःकडे ओढून घेते, बटणाला ‘ॲक्शन कॅन्सल’, म्हणजे स्पर्श रद्द झाल्याचा निरोप, मिळतो आणि क्लिक होत नाही. आमच्या डिझायनरने बटण यादीच्या आत, प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला ठेवले होते, तेही ४८ डीपीपेक्षा लहान. डाव्या हाताने फोन धरणाऱ्यासाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती.

आणि मग ती वायर. अंगठा एका जागी स्थिर ठेवायला सांगितला तरी पॉइंटर लोकेशनची रेघ दातेरी उमटत होती, मधूनच बोट नसलेल्या ठिकाणी ठिपका उठत होता. चार्जर काढला, रेघ सरळ झाली. पुन्हा लावला, पुन्हा दाते. स्वस्त चार्जरमधला विद्युत गोंगाट कपॅसिटिव्ह स्क्रीनच्या मोजणीत मिसळतो, आणि घाम असेल तर ते आणखी बिघडते. याला कोडमध्ये पूर्ण इलाज नाही, पण दुकानदाराला बरा चार्जर घ्यायला सांगता येते आणि बटण मोठे करता येते.

दुपारी एकच्या सुमारास मी तेच आकडे पुन्हा घेतले, कारण मे महिन्यातला पत्रा काय करतो हे मला माहीत होते. फोन हाताला चटका देत होता आणि सकाळी वेळेत येणाऱ्या फ्रेम्सही आता चुकत होत्या. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, ही काही नवी माहिती नाही. अँड्रॉइड १० पासून ॲपला ही उष्णतेची पातळी विचारण्याची सोयही आहे. एसीत बसून, चार्ज केलेल्या नव्या फोनवर घेतलेली मोजमापे ही त्या एसीची मोजमापे असतात.

हे सगळे व्हिडिओसह पुण्यात मांडले. उत्तर मिळाले की असले फोन आपण ‘सपोर्ट’ करायचेच नाहीत, आणि एरवीही ॲप नव्या तंत्रात लिहायचे ठरतेच आहे. ते लिहिले गेले. म्हणजे तुमचा टीम लीड ज्या दिशेने जायला सांगतो आहे त्याच्या बरोबर उलट, नेटिव्हकडून फ्लटरकडे. नव्या ॲपात ओळी देखण्या झाल्या, फोटो मूळ आकारातच राहिले, बटण ओळीच्या टोकालाच राहिले आणि दोनदा दाबले की दोन कट्टे चढतच राहिले. दुरुस्ती शेवटी झाली ती काही ओळींची: पहिल्या स्पर्शाला बटण निष्क्रिय करणे, वजन भरताक्षणी नोंदीला स्वतंत्र ओळखक्रमांक देणे म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर डेटाबेसच ती नाकारील, फोटो लहान करून उलगडणे, आणि बटण यादीबाहेर, तळाशी, स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचे करणे. तोवर मी राजीनामा देऊन नांदेडला परतले होते. वरिष्ठ अजूनही त्याचे श्रेय नव्या तंत्राला देतात असे कानावर येते.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर: नाही, एवढ्या पुराव्यावर पुनर्लेखन करू नका. आधी ‘उशीर’ आणि ‘हरवणे’ वेगळे करा. दोनदा दाबल्यावर क्रिया दोनदा होते का हे पाहिले तरी अर्धा निकाल लागतो. फ्लटरमध्ये डम्पसिसचे आकडे आणि एचडब्ल्यूयूआयचे पट्टे (फ्रेमला लागलेला वेळ स्क्रीनवर दाखवणारी अँड्रॉइडची सोय) उपयोगाचे नाहीत, कारण फ्लटर स्वतःच्या पृष्ठभागावर स्वतः रंगवते. तुम्हाला प्रोफाइल मोडमध्ये, म्हणजे वेग मोजण्यासाठीच्या बिल्डमध्ये, खऱ्या फोनवर, परफॉर्मन्स ओव्हरले हे फ्रेमच्या वेळेचे दोन आलेख पाहावे लागतील. वरचा आलेख रास्टर थ्रेडचा, म्हणजे प्रत्यक्ष रंगवण्याचा, खालचा यूआय थ्रेडचा, म्हणजे तुमचा कोड चालतो त्याचा. चुका शोधण्यासाठीची संथ डीबग बिल्ड पाहून फ्लटरला संथ ठरवणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे. खालचा आलेख लाल होत असेल तर तुमचा डार्ट कोड (डार्ट ही फ्लटरची भाषा) स्क्रीनची मांडणी बांधताना काहीतरी भलते करतो आहे: मोठे जेसन, म्हणजे सर्व्हरकडून आलेला मजकूर, उलगडणे, सबंध यादी पुन्हा बांधणे. वरचा लाल होत असेल तर पारदर्शकता, गोल कोपऱ्यांची कात्री, सावल्या आणि मोठी चित्रे यांच्याकडे बघा. चित्रांना कॅश विड्थ, म्हणजे किती रुंदीला लहान करून उलगडायचे ते माप, दिली आहे का, हे तर आजच तपासा. आणखी एक बारीक जागा: एकाच जेश्चर डिटेक्टरवर (स्पर्श ओळखणारा फ्लटरचा घटक) साधा टॅप आणि डबल टॅप दोन्ही लावले असतील तर साधा टॅप दुसऱ्या टॅपची ३०० मिलिसेकंद वाट पाहतो. ‘बटण जड लागते’ अशा तक्रारीमागे हे पुष्कळदा निघते, आणि ते महागड्या फोनवरही तितकेच जड असते.

दोन गोष्टी मी मघाशी सोडल्या. माझा अनुभव याद्या आणि फॉर्म असलेल्या ॲप्सचा आहे. गेम, नकाशे किंवा बोटाने रेखाटण्याचे ॲप असेल तर तिथली गणिते वेगळी आहेत आणि तिथे तंत्राची निवड खरोखर महत्त्वाची ठरू शकते. तसेच जुन्या फ्लटरमध्ये एखादे ॲनिमेशन पहिल्यांदाच चालताना शेडर, म्हणजे रंगवण्याचे छोटे प्रोग्राम, तयार होण्यामुळे झटका बसायचा. इम्पेलर हे फ्लटरचे नवे रंगवण्याचे इंजिन आल्यापासून ती तक्रार पुष्कळ कमी झाली, पण जुने अँड्रॉइड असलेले फोन अजूनही आधीच्या इंजिनावर चालू शकतात, आणि तुमच्या गिऱ्हाइकांकडे नेमके तेच फोन असतील. शिवाय काही वेळा स्क्रीनच खराब झालेली असते, हेही आहेच. पॉइंटर लोकेशन चालू करून बोट कडेपासून कडेपर्यंत ओढा, रेघ जिथे तुटते तो भाग मेलेला आहे.

टीम लीडला मात्र टक्केवारीचे तक्ते पाठवू नका. टक्केवारीवर ‘असले फोन आपण सोडून देऊ’ हे उत्तर तयारच असते. त्या माणसाचा हात, फोन आणि पॉइंटर लोकेशनची रेघ एका चौकटीत दिसेल असा व्हिडिओ घ्या, शक्यतो दुपारचा, आणि दोनदा दाबल्यावर यादीत चढलेल्या दोन नोंदी त्यात स्पष्ट दिसू द्या. इतके करूनही रास्टरचा आलेख लालच राहिला तर प्रश्नात तो आलेख, फोनचे मॉडेल, अँड्रॉइड आणि फ्लटरच्या आवृत्त्या जोडा. ‘ग्रामीण भागातला स्वस्त फोन’ एवढ्या वर्णनावर कोणालाच काही सांगता येणार नाही.