मोहाशी झगडणाऱ्या नव्या बंधूस

प्रिय बंधू,

बाप्तिस्मा होऊन तीन महिने झाले तरी जुने मोह सुटत नाहीत, म्हणून आपला विश्वासच खोटा असावा, असे तुम्हाला वाटते. नवख्याची पहिली चूक हीच. मोह होणे म्हणजे पाप नव्हे. सैतानाने प्रभू येशूलाही तीनदा मोहात पाडून पाहिले (मत्तय ४), आणि ४० दिवसांच्या उपासानंतर, भुकेल्या अवस्थेत, प्रभूने तिन्ही वेळा जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या वचनांनीच उत्तर दिले. तेव्हा सध्या १ करिंथ १०:१३ (देव आपल्या शक्तीपलीकडे मोह येऊ देत नाही, असे सांगणारे) हे एकच वचन तोंडपाठ करा आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये हात आपोआप मोबाइलकडे जाण्याआधी ते मनात म्हणा.

दुसरी चूक म्हणजे मोहाशी वाद घालत बसणे. योसेफ ज्याच्या घरी दास होता त्या पोटीफराच्या बायकोने त्याला मोहात पाडायला धरले, तेव्हा तो वस्त्र तिच्या हाती टाकून पळाला (उत्पत्ती ३९). पगाराच्या दिवशी पाय दारूच्या दुकानाकडे वळत असतील तर घरी जाण्याचा रस्ताच बदला. रात्री एकटेपणी फोन घात करत असेल तर तो स्वयंपाकघरात ठेवून झोपा. मला हे कळायला बरीच वर्षे लागली, कारण मी केवळ माझ्या निर्धारावर विसंबून होतो.

पडलात तरी उपासना चुकवू नका. लाजेने रविवारी घरी बसणे माणसाला देवापासून अधिक दूर नेते, असे मी वारंवार पाहिले आहे. त्याच दिवशी देवाजवळ कबुली द्या (१ योहान १:९) आणि पाळकांना किंवा एखाद्या विश्वासू बांधवाला स्पष्ट शब्दांत सांगा.

दीर्घ उपासांचा विचार आत्ता नको. या रविवारी उपासनेनंतर थांबा, आपण दोघे मिळून प्रार्थना करू.