भुसावळात अस्त्राखान

प्रश्न : भंगारवाल्याकडून दीडशेला चित्र घेतलं. नदी, तटबंदी, कांद्यासारखे घुमट. खाली रोमन लिपीत ‘अस्त्राखान’. बायको म्हणते, फसलात. जुनं असेल का?
– निवृत्त रेल्वे गार्ड, भुसावळ

उत्तर : गार्डसाहेब, भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई, म्हणजे वहिनींचं खरं. सलग रेघा दिसल्या आणि चित्राभोवती दबलेली चौकट बोटाला लागली, तर ते तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं असावं. जर्मन प्रवासी ओलेआरिउसनं १६३६मध्ये रशियातलं, व्होल्गा नदीकाठचं अस्त्राखान शहर पाहिलं. त्याच्या १६४७च्या प्रवासवर्णनात व्होल्गाकाठची शहरं अशीच छापली आहेत. गंमत म्हणजे त्या शतकात तिथं आपल्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची सराई होती! लॅमिनेशन मात्र अजिबात नको. आणि भुसावळचं ऊन येतं त्या भिंतीवर टांगू नका.