विज्ञानकथा, चित्रपट आणि गेम यांतून आलेल्या पियानोसंगीताला अभिजात म्हणावे का?

आपली मुलगी तीन वर्षे पियानो शिकत आहे, पण हल्ली तिला अंतराळपटांतले आणि व्हिडिओ गेममधलेच संगीत वाजवायचे असते. ते अभिजात म्हणावे का आणि तिला वाजवू द्यावे का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकला कॉलेज रोडवर पियानोच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे ही काळजी पालकांच्या तोंडून महिन्यातून एकदा तरी ऐकतोच. ज्या शहरातल्या २०२१ च्या साहित्य संमेलनासाठी जयंत नारळीकरांची अध्यक्षपदी निवड झाली (प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, याची हळहळ अजून आहे), तिथे तरी विज्ञानकथेला दुय्यम समजण्याचे कारण नाही.

जरूर वाजवू द्यावे. मात्र अमुक चित्रपटावरून अमुक रचना सुचली, या समजुतीवर फार विसंबू नये, कारण पुष्कळदा क्रम उलटा असतो. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या अंतराळपटात ऐकू येणारे ग्यॉर्गी लिगेटी या रचनाकाराचे संगीत मुळात मैफलीसाठी रचलेले होते; अंतराळ त्याला नंतर चिकटले. चित्रपट-संगीतकार हान्स झिमरचे उदाहरण तर अधिकच मजेदार आहे. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने ‘इंटरस्टेलर’ या अंतराळपटासाठी (२०१४) त्याच्या हाती दिला तो केवळ एका पानाचा, बाप आणि मूल यांच्या नात्याविषयीचा मजकूर, त्यात अंतराळाचा मागमूसही नव्हता आणि झिमरने एका दिवसात जे बांधले तेच पुढे चित्रपटाच्या संगीताचे बीज ठरले.

हे संगीत चित्रपटात मुख्यतः लंडनच्या टेंपल चर्चमधील ऑर्गनवर वाजते, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने खरी मेख तिथेच आहे. ऑर्गनचा स्वर बोट पट्टीवर असेपर्यंत टिकतो, पियानोचा मात्र उमटताक्षणीच विरू लागतो. माझ्याकडे सातवीतला एक मुलगा व्हिडिओ पाहून ही धून बसवून आला, तेव्हा त्याने स्वर लांबवणारे उजव्या पायाचे पेडल पहिल्यापासून शेवटपर्यंत दाबून धरले होते आणि सगळे सूर एकमेकांत कालवले गेले होते. खालचा स्वर बदलताच पेडल सोडून पुन्हा दाबायचे, ही एकच गोष्ट अंगवळणी पडायला आम्हाला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी वाया गेले असे मानत नाही.

अभिजात कशाला म्हणावे, याबाबत माझी कसोटी एवढीच, की कल्पना रचनेच्या बांधणीत उतरली आहे की नुसती नावापुरती आहे. जॉर्ज क्रम या अमेरिकन रचनाकाराच्या ‘मॅक्रोकॉसमॉस’च्या पहिल्या खंडात (१९७२) बारा राशींवर बारा रचना असून शेवटच्या ‘स्पायरल गॅलेक्सी’चे नोटेशन कागदावर खरोखरच आकाशगंगेसारखे वळसे घेत लिहिलेले आहे. पियानोचा आवाज ध्वनिवर्धकातून येतो आणि वादकाला वाद्याच्या पोटात हात घालून तारा छेडाव्या लागतात. घरच्या डिजिटल पियानोवर हे अर्थातच जमणार नाही, कारण आत ताराच नसतात. आणि दुसऱ्याच्या ग्रँड पियानोवर कृपया करून पाहू नये.

मुलीला घरच्या घरी काही द्यायचे असेल, तर लिगेटीने १९५१ ते १९५३ या काळात लिहिलेल्या ‘मुझिका रिचेरकाटा’तील दुसरी रचना द्यावी. कुब्रिकने तीही पुढे १९९९ च्या आपल्या शेवटच्या चित्रपटात वापरली. अकरा रचनांच्या या मालिकेत प्रत्येक वेळी एक स्वर वाढत जातो. दुसरीत तीनच स्वर आहेत, एक पांढरी पट्टी, तिच्या शेजारची काळी आणि पुढची पांढरी. पहिले दोन स्वर बराच वेळ एकमेकांभोवती घुटमळतात आणि मग तिसरा खिळा ठोकावा तसा पुन्हा पुन्हा आदळतो. माझ्या एका विद्यार्थिनीने घरी सराव सुरू केला, तेव्हा तिची आजी देवपूजा अर्धी टाकून बाहेर आली आणि पियानो बिघडला का, असे विचारू लागली. विद्यार्थिनीने मान हलवली आणि तिसरा स्वर आणखी जोरात वाजवला.